वैऱ्याचं ताट

मार्थाने योएलच्या भातावर तुपाचा आणखी एक चमचा सोडला आणि ते वितळून वरणात उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

“मावशी, बास.”

“बास काय? वाळून काटकी झालास. जेव.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या विश्वजितने आधी योएलच्या ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

“काकू, आम्ही काय पाप केलं? आमच्या भाताला नुसता वास तरी लावा.”

“केलंस की नाही ते तुझं तुला ठाऊक,” मार्था म्हणाली आणि तुपाचं भांडं घेऊन आत गेली.

पोरं हसली. योएल हसला नाही. त्याने भात कालवला, एक घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत राहिला. ओट्याशी उभं राहून मार्था दाराच्या फटीतून ते पाहत होती. घास त्याच्या घशाखाली उतरेना, तसं तिच्या जिवाला बरं वाटत गेलं.

उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घराची पुढची खोली म्हणजे खानावळ. नवरा, थॉमस, गेल्यावर तिने ती सुरू केली. एक लांब टेबल, दोन बाकं, भिंतीवर येशूचं चित्र असलेलं कॅलेंडर, आणि त्याखाली शिकायला आलेली गावोगावची पोरं. सगळी तिला काकू म्हणायची. योएल तेवढा मावशी म्हणे, कारण तो नुसता गिऱ्हाईक नव्हता. तो तिच्याच चर्चचा, तरुण संघात गिटार वाजवणारा, देवगाव रंगारीच्या केसरबाईचा एकुलता एक. केसरबाईने त्याला इथे आणून सोडलं तेव्हा मार्थाचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, “लेकरू तुमच्या पदरात टाकलं ताई. त्याला जेवायला तेवढं मायेनं घाला.”

माया तर मार्थाने घातलीच, वर पुढचा विचारही केला. तिची लेक कृपा आणि योएल एकाच कॉलेजात होते, पडेगावच्या पुढे दौलताबाद रोडला. सकाळी तो गाडी घेऊन दाराशी यायचा, कृपा मागे बसायची, मधे दप्तर असायचं. मार्था खिडकीतून त्या दप्तराकडे पाही आणि मनातल्या मनात लग्नाच्या पंगतीचा बेत ठरवी. पोरं जेवत असताना कृपाने पुढच्या खोलीत यायचं नाही, असा तिचा कडक नियम होता. दिवसभर कॉलेजात एवढी मोठी दुनिया उघडी पडलेली, आणि ही बाई घरातल्या एका दाराला पडदा लावून निश्चिंत. पुढे तिला त्या पडद्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

त्या पडद्याआडून काय निसटलं ते कळलं जानेवारीत, पोळ्या वाढताना. वाढणाऱ्या बाईला कान असतात हे जेवणाऱ्या पोरांच्या ध्यानात नसतं. त्यामुळे मार्थाला बरंच काही ठाऊक होतं. फोनवर बोट फिरवून मुलगी कशी पसंत करतात ते ठाऊक होतं. बायपासला कोणत्या लॉजवाला काही विचारत नाही, तेही ठाऊक होतं. नको झालेल्या मुलीला काही सांगायचं नसतं, नुसतं उत्तर देणं बंद करायचं असतं, हेसुद्धा तिने पोळीवर पोळी वाढताना ऐकलं होतं. तिच्या तरुणपणी पोरं मुलींविषयी खोटं बोलायची. ही खरं बोलत, आणि ते ऐकवत नसे. ती रात्री प्रार्थनेत त्या अनोळखी मुलींची आठवण करी आणि आपल्या घरात असलं नाही म्हणून आभार मानी.

त्या दिवशी विश्वजितने ठेच्याचं बोट चाटत विचारलं होतं, “योएल, तुझ्या त्या चर्चवालीचं काय झालं रे? डिसेंबरभर तर तू रूमवर सापडत नव्हतास.”

“कोण चर्चवाली?”

“आता आम्हाला काय माहीत, नाव तू सांगितलंस कुठे?”

“काही नाही रे,” योएल म्हणाला. “कॅज्युअल होतं. संपलं.”

“चर्चवाल्यांचंपण कॅज्युअल असतं का? मला वाटलं, आधी प्रार्थना बिर्थना असेल.”

टेबल खदखदलं. उजैरने तेवढं ताटातून डोकं वर काढलं आणि हळूच म्हटलं, “छोड ना यार, खाने पे कायको. काकू हैं इधर.”

आणि योएल हसला. मोठ्याने नाही. नाकातून निघालेलं, इतरांच्या हसण्याला जोड दिलेलं छोटंसं हसू. हसता हसता त्याने वर पाहिलं, तर पोळी धरलेला मार्थाचा हात त्याच्या ताटावर तसाच थांबलेला.

डिसेंबरात कृपाचा अभ्यास रोज मैत्रिणीकडे चालत असे. नाताळानंतर योएलची गाडी दाराशी यायची बंद झाली, त्याचं वेळापत्रक बदललं म्हणे. कृपा न्हाणीघरात नळ सोडून बसू लागली, आणि पाण्याच्या आवाजाआड दुसरा एक आवाज होता तो मार्थाने ऐकूनही सर्दीच्या नावावर घातला होता. हे सगळं त्या एका हसण्यात एका जागी आलं. योएलचे कान लाल झाले. तिला कळलं आहे, हे त्याला कळलं.

मार्थाने पोळी वाढली. ओरडली असती, तर ‘चर्चवाली’ला त्याच क्षणी नाव मिळालं असतं. ती आत गेली. मधल्या खोलीत कृपा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. पडद्याला काही आवाज अडवता येत नाही.

“आई,” ती म्हणाली, “मला तुला एक सांगायचंय.”

“आधी जेव.”

“आई, ऐक तर.”

“गरम आहे तोवर जेव. काही सांगू नकोस. मला काही ऐकायचं नाही.”

तिने अंड्याचा रस्सा वाढला, पोळीचे तुकडे करून दिले, लहानपणी देई तसे. कृपा रडत रडत जेवली. लेकीला बोलायचे कष्टसुद्धा पडू दिले नाहीत, या समाधानात मार्थाने तिचं ताट उचललं.

राहिला तो.

वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास कराल, असं पवित्र शास्त्र सांगतं. चर्चचे पाळकसाहेब यावर बोलताना म्हणत की निखारे म्हणजे प्रेमाची ऊब. प्रेमाने वैऱ्याला विरघळवायचं. मार्था आपल्या बाकावर बसून मान डोलवायची. पण चूल तिने जन्मभर पेटवली होती. निखारे म्हणजे निखारेच असतात, आणि रास म्हणजे रास. देवाने पद्धत सांगून ठेवली होती, सामान तिच्याकडे होतं, आणि वैरी दोन वेळा स्वतःच्या पायांनी येऊन बाकावर बसत होता.

तिला काय हवं होतं ते तिने स्वतःशी स्पष्ट केलं होतं. त्याने प्रभुभोजनाला उठू नये.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब बोलावतात, आणि बाकाबाकाने माणसं उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट घेऊन परततात. बसून राहायला कोणी कोणाला सांगत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. पण बसून राहिलेला माणूस सगळ्या चर्चला दिसतो. बसायची कारणं दोनच: केलेलं पाप मनाला खात असतं, किंवा कोणाशी वाकडं असतं. वच्छलाबाई आणि त्यांची जाऊ गच्चीवरच्या दोरीवरून भांडल्या तेव्हा दोघी कितीतरी महिने दोन टोकांना बसून होत्या, आणि मंडळी दर पहिल्या रविवारी, आज कोण उठते, ते टीव्हीवरच्या मालिकेसारखं बघत होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कृपा बसून राहिली. मार्था उठली, तिच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघाली, तरी कृपाने बाकाची कड सोडली नाही. समोर योएलने गिटार भिंतीला टेकवली, केसांवरून हात फिरवला, आणि तो उठला. कठड्याशी गेला, मान लववली. ज्या ओठांतून ते हसू निघालं होतं त्यांनाच त्याने प्याला लावला.

मार्थाही त्याच कठड्याशी गुडघे टेकून होती. द्राक्षरस तिला आंबट लागला. पाळकसाहेब हल्ली स्वस्तातली द्राक्षं आणतात, असं तिने स्वतःला सांगितलं.

बाहेर निंबाखाली वच्छलाबाईंनी गाठलंच.

“कृपा बरी आहे ना गं? उठली नाही ती.”

“गुडघा दुखतोय तिचा.”

“एवढ्याशा वयात? मग बसल्या जागी दिलं असतं की पाळकसाहेबांनी. मला देतात.”

“पुढच्या वेळी सांगते,” मार्था म्हणाली.

त्या आठवड्यापासून योएलच्या ताटाचा थाट बदलला. त्याला आवडते म्हणून येसरची आमटी झाली, तिच्या मसाल्याचा वास शेजारच्या गल्लीपर्यंत गेला. धपाटे झाले, वर लोण्याचा गोळा. मटण केलं तर नळीचं हाड त्याच्या वाटीत. पोरं चेष्टा करू लागली की काकूंनी जावई शोधला. ते ऐकून योएलचा हात थांबे, आणि मार्था म्हणे, “थांबलास का? आवडलं नाही?”

“आवडलं, मावशी.”

“मग खा.”

बोलताना तिने कधी आवाज चढवला नाही. त्याच्या तोंडाकडे ती आधी पाहायची नाही इतक्या मायेने पाहायची. त्याला पाणी द्यायची तर पेला फडक्याने पुसून द्यायची. पंधरवड्यात पोराच्या डोळ्यांखाली काळं आलं. एवढं खाऊन तो वाळत चालला होता, आणि तिला स्वयंपाकाची असली गोडी थॉमस होता तेव्हाही लागली नव्हती.

तो बोलायला बघायचा. पहिल्यांदा तो हात धुवायच्या निमित्ताने मागे रेंगाळला.

“मावशी, मला थोडं बोलायचं होतं.”

“उद्या बोल. आत्ता भांडी पडलीत.”

दुसऱ्या दिवशी, “ताक घे आधी.” तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात केळं ठेवलं. मग एकदा तो भर दुपारी आला, कोणी नसताना. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. बरेच दिवस पाठ केलेलं असावं, कारण डोळे मिटूनच त्याने सुरुवात केली. “मावशी, माझ्या हातून जे झालं, आणि त्या दिवशी जेवताना मी जे—”

मार्थाने मिक्सर लावला.

भाजलेले शेंगदाणे होते, लसूण होता, वाटायला तसा थोडाच वेळ लागतो. ती वाटत राहिली. मिक्सरच्या घरघरीत त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते. डोळे उघडल्यावर तो गप्प झाला, तेव्हा तिने बटण बंद केलं.

“काय म्हणत होतास?”

“काही नाही.”

“घे, ताजी चटणी. तेल घालून खा.”

क्षमा मागितली की माणूस मोकळा होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी कोणी ना कोणी तिच्या चर्चमध्ये तसा मोकळा होतच होता. याला मोकळं व्हायचं असेल तर त्याने आधी पुरतं भाजून निघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. देवाच्या दयेला तिची ना नव्हती. दया जरा उशिरा पोचावी, असं तिला वाटे.

फेब्रुवारी सरता सरता तो म्हणाला की पुढच्या महिन्यापासून कॉलेजजवळच जेवायचं बघतो. मार्थाने तिथल्या तिथे केसरबाईला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

“ताई, तुमचे लई उपकार,” केसरबाई पलीकडून बोलत होती. “रोज तूप घालता म्हणं त्याला. पण गावाला आलं व्हतं तं नुसतं पडून व्हतं बघा. जेवंना, बोलंना. काय झालं म्हणलं तं काय नाय म्हणतंय. त्याला नजर बिजर लागली व्हय?”

“नाही हो केसरबाई. अभ्यासाचा ताण. मी आहे ना इथे.”

“तुम्ही हायेत म्हणून तं मला झोप लागती.”

योएल भिंतीकडे तोंड करून उभा होता. फोन ठेवून मार्था म्हणाली, “उद्या काय करू? भरलं वांगं?”

मार्चच्या पहिल्या रविवारी तो उठला, पण बाकापासून दोन पावलांवर थांबला. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला तेव्हा पुढे गेला. भाकरीचा तुकडा घेताना त्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं नाही. मार्थाने ते नीट पाहून घेतलं. मटणाचा तुकडा दाबून बघावा तसं. अजून थोडं.

घरात कृपा होती. तिच्याकडे मार्थाचं दुर्लक्ष नव्हतं, उलट तिच्याचसाठी तर हे सगळं चाललं होतं. सकाळी भिजवलेले बदाम, परीक्षा म्हणून शिरा, रात्री दूध. कृपा कधीतरी तोंड उघडायची. एकदा भाजी निवडताना ती आपणहून म्हणाली, “कॉलेजात याला काही नावपण नाही गं आई. आज आहे, उद्या नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शेजारी उभं राहायचं आणि काही झालंच नाही असं दाखवायचं. ज्याला ते दाखवता येत नाही तो गावंढळ. सगळ्या मुलींना जमतं. मला का जमत नाही, म्हणून मी—”

“मेथी राहू दे,” मार्था म्हणाली. “तुला थालीपीठ लावते.”

“मला भूक नाही.”

“लावते गं. दोन घास खा, बरं वाटेल.”

कृपाने निवडलेली मेथी टोपलीत टाकली आणि ती आत गेली. थालीपीठ मात्र तिने खाल्लं. मार्थाने समोर बसून खाऊ घातलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पंखे असून नसल्यासारखे होते. पाळकसाहेबांनी बोलावलं. पुढची बाकं उठली, मधली उठली. योएलने गिटार भिंतीला टेकवली नाही. ती मांडीवर तशीच ठेवून, मान खाली घालून तो बसून राहिला. तरुण संघाची सगळी पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली.

मार्थाच्या अंगातून काहीतरी गरम गरम वाहत गेलं. इतक्या दिवसांचं येसर, इतक्या दिवसांचं लोणी फळाला आलं होतं. ती उठली. कठड्याकडे ती इतक्या ताठ मानेने लग्नाच्या दिवशीसुद्धा चालली नसेल. गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला. आज द्राक्षरस गोड होता.

कठड्याकडून परतताना माणसाचं तोंड मंडळीकडे होतं. म्हणून मार्थाला ते सगळ्यात आधी दिसायला हवं होतं, पण ती पार मधल्या वाटेपर्यंत आली तेव्हा दिसलं. मधल्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. डावीकडच्या रिकाम्या बाकांमध्ये एकटा योएल. उजवीकडच्या रिकाम्या बाकांमध्ये एकटी कृपा. अख्ख्या चर्चमध्ये, दोन तरुण माणसं, दोन्हीकडे बसवून ठेवल्यासारखी.

पहिल्या बाकावरून वच्छलाबाईंची मान सावकाश डावीकडे वळली. मग सावकाश उजवीकडे. मग त्यांनी शेजारणीकडे पाहिलं नाही. न पाहताच शेजारणीची मान वळली.

मार्था वाटेतच थांबली. टेबलावरच्या पोरांपासून जे नाव तिने जिवापाड लपवलं होतं, ते तिने स्वतःच्या हातांनी रांधून भर चर्चमध्ये वाढलं होतं.

बाहेर निंबाखाली आज गुडघ्याची चौकशी कोणी केली नाही. वच्छलाबाई आल्या, त्यांनी मार्थाचा हात हातात घेऊन दाबला, आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. वच्छलाबाई बोलल्या नाहीत, म्हणजे आता बोलायचं काही राहिलं नव्हतं.

रिक्षात दोघी मायलेकी दोन बाजूंना तोंडं करून बसल्या. कृपानेही ते पाहिलं होतं. घरी येताच मार्थाने पदर खोचला. रविवारी खानावळ बंद असते, तरी तिने कांदा चिरला, कढई चढवली, जे सुचेल ते करत राहिली. मग ताट वाढून तिने कृपासमोर ठेवलं.

“आई, भूक नाही.”

“दोन घास.”

कृपाने ताटावर हात आडवा धरला. वाढायला निघालेला डाव तिच्या बोटांपाशी थांबला.

“तू मलापण तसंच वाढतेस,” ती म्हणाली.

“कसं?”

“योएलला वाढतेस तसं.”

“काहीतरी बरळू नकोस. तो कोण, तू कोण.”

“तो बोलायला आला की मिक्सर लावतेस. मी बोलायला आले की ताट आणतेस.” कृपाचा आवाज चढला नव्हता. “जानेवारीपासून एकदातरी माझं वाक्य पुरं होऊ दिलंस?”

“तुला त्रास नको म्हणून गं.”

“मला वाटलं, तुला माझी किळस आली.”

मार्थाने डाव भांड्यात ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला, आमटी ओट्यावर सांडली. ती पुसायला फडकं शोधू लागली, ते हातातच होतं.

“देवाची शपथ कृपा, असलं माझ्या मनातसुद्धा—”

“मी चर्चमध्ये का बसून राहते, ते कधी विचारलंस?”

“ते काय विचारायचं? मला ठाऊक आहे.”

“नाही ठाऊक तुला. जे झालं त्याची क्षमा मी जानेवारीतच मागितली. न्हाणीघरात. खूप रडले, आणि मग मला कळलं की ती मिळाली. कसं कळलं ते नाही सांगता येणार, पण कळलं. त्यासाठी मी बसत नाही.”

“मग?”

“एका माणसाशी माझं वाकडं आहे. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी आधी समेट करायचा, मग उठायचं. संडे स्कूलमध्ये तूच शिकवलंस.”

“त्या मेल्याशी समेट करणार तू?” मार्थाच्या तोंडून निघून गेलं. “हसला होता तो. माझ्या पोळ्या खाता खाता हसला तो तुला.”

“ऐकलं मी. पडद्याच्या इकडेच होते.” कृपाने ताट थोडं बाजूला सरकवलं. “त्याच्याशी नाही म्हणत मी, आई.”

ओट्यावरची आमटी कडेपर्यंत आली आणि खाली ठिबकू लागली. मार्थाने ती पुसली नाही. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, आणि आज सकाळी, कृपाच्या गुडघ्यांवरून वाट काढत ती स्वतः कठड्याशी जाऊन आली होती. प्याल्यातला घोट घेऊन आली होती. मुलगी तिथेच बाकाची कड धरून तिच्यासाठी थांबलेली.

फाटकाची कडी वाजली.

योएल होता. सकाळचाच पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, डोळे सुजलेले. गिटारसुद्धा कुठेतरी ठेवायची राहून गेली असावी, ती तशीच खांद्याला होती. जानेवारीपासून मार्थाला हा चेहरा अगदी असाच हवा होता. तो आता तिच्या दारात उभा होता, आणि तिला त्याचं काय करावं ते कळेना.

“मावशी, मी जेवायला नाही आलो.”

‘आधी घोटभर पाणी पी’ हे तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“बरं केलंस. आज तुला वाढायचंही नाही.”

“मला बोलायचंय. तुम्ही आज नाही म्हणालात तरी मी इथून जाणार नाही.”

“जाऊ नकोस,” मार्था म्हणाली. “पण थांब. आधी हिचं ऐकायचंय मला. त्याला वेळ लागेल. बस तिथं पायरीवर.”

तो बसला. गिटार खांद्यावरून काढून त्याने दोन्ही हातांनी उभी धरली. पायरीवर पेरूच्या झाडाची सावली होती, तेवढं मार्थाने पाहून घेतलं. नसती तरी चाललं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

दार तिने उघडंच ठेवलं. आत येऊन गॅस बंद केला, स्टूल ओढलं, आणि कृपासमोर बसली. कोणी जेवत असताना किंवा बोलत असताना ती अशी नुसती कधी बसली नव्हती. हातांचं काय करायचं ते तिला सुचेना. ते तिने मांडीखाली घातले.

कृपा बराच वेळ बोलली नाही.

मार्था उठली नाही.